मागचं झाकण उघडल्यावर : गोव्याच्या दमट हवेत क्वार्ट्झ की ऑटोमॅटिक

"सेलवालं दाखवू की ऑटोमॅटिक?" म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काय किंवा हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात काय, घड्याळाच्या फळीपुढे उभं राहिलं की हा प्रश्न येतोच. गिऱ्हाईक डायल बघतं, हातात घेऊन वजन बघतं, सेकंदकाटा ठकठक चालतो की सरकतो ते बघतं आणि ठरवतं. आत मशीन कोणतं, हे फारसं कुणी विचारत नाही. विचारलं तर 'जपानी' किंवा 'स्विस' एवढंच उत्तर मिळतं. पावसाळ्याच्या तोंडावर हीच निवड टेबलावर घेतली, झाकण उघडून, मोजमाप करून. तीत काय काय झालं ते इथे क्रमाने देतो आहोत.

घड्याळं दोन घेतली, एकाच विक्रेत्याची. पाणबुड्यांच्या प्रसिद्ध घड्याळांच्या धाटणीची, ४० मिलिमीटरची स्टीलची केस, फिरती कडा, तारखेची खिडकी. दिसायला जुळी. एकात क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं मशीन, दुसऱ्यात 'एनएच ३५ ऑटोमॅटिक', म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं सायको घराण्याचं जपानी मशीन, असं विक्रेत्याचं म्हणणं. डायलवर मात्र बनवणाऱ्याचं स्वतःचंच नाव. मोठ्या कंपनीचं नाव छापलेली 'फर्स्ट कॉपी' मुद्दाम टाळली. खोट्या व्यापारचिन्हाचा माल विकणं हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने गुन्हा आहे, हे एक. दुसरं कारण टेबलावरचं आहे : जो डायलवर खोटं नाव छापतो, तो मशीनचा नंबर खरा कशाला सांगेल? तरी अशी घड्याळं दुरुस्तीला येतातच, त्यामुळे त्यांच्या पोटात काय निघतं तेही पुढे ओघात येईल.

झाकणाला हात लावण्याआधी बाहेरून होणारी तपासणी पाच मिनिटांची असते आणि ती दुकानातच करता येते. पहिली सेकंदकाट्याची. क्वार्ट्झ सेकंदाला एक टप्पा टाकतं. तासाला २१,६०० ठोक्यांचं ऑटोमॅटिक सेकंदाला सहा, २८,८०० चं आठ. काटा सरकतोय म्हणजे ऑटोमॅटिकच, ही समजूत मात्र आता टिकत नाही. सायकोचं व्हीएच ३१ हे सेलवर चालणारं मशीन सेकंदाला चार टप्पे टाकतं आणि लांबून ते सरकल्यासारखंच दिसतं. अशी घड्याळं 'ऑटोमॅटिक' म्हणून गळ्यात मारली जातात. कानाला लावलं की फरक कळतो, आणि मनगटाने हेलकावा दिला तर रोटर, म्हणजे ऑटोमॅटिकची चावी भरणारं आतलं फिरतं वजन, फिरल्याचं जाणवत नाही.

दुसरी तपासणी चावीची, म्हणजे केसच्या कडेला असलेल्या फिरवायच्या बोंडाची. चावी शेवटच्या टप्प्यापर्यंत बाहेर ओढायची. एनएच ३५ असेल तर सेकंदकाटा जागच्या जागी थांबला पाहिजे. न थांबला तर ते एनएच ३५ नाही, विषय संपला. थांबला म्हणून ते एनएच ३५ आहेच असं मात्र नाही, कारण काटा थांबवण्याची सोय इतर मशीनांतही असते. तिसरी तपासणी तीन छोट्या डायली असलेल्या घड्याळांची. वरचं बटण दाबल्यावर मधला लांब काटा सुटतो का, खालचं दाबल्यावर बाराच्या आकड्यावर परत येतो का ते बघायचं. फर्स्ट कॉपीत बऱ्याचदा ही बटणं शोभेची असतात, किंवा दाबल्यावर वार-तारीख बदलते. छोट्या काट्यांपैकी एक चोवीस तास दाखवतो, दुसरा वार, आणि घेणारा समजतो स्टॉपवॉच घेतलं.

आमच्या 'एनएच ३५' चा काटा चावी ओढूनही चालतच राहिला. शंका तिथेच आली.

झाकण उघडताना घाई नडते. सहा खाचांचं आट्याचं झाकण असेल तर तीन दातांचा पाना लावायचा. पाना घसरला की स्टीलवर ओरखडा पडतो आणि तो कायमचा राहतो, म्हणून आधी हातात मावणारा चिकट रबरी चेंडू झाकणावर दाबून फिरवून बघावं. निम्मी झाकणं त्यानेच सुटतात. दाबून बसवलेलं झाकण असेल तर कडेला बारीक खाच शोधायची आणि तिथेच पातं घालायचं. खाच सोडून दुसरीकडे पातं घातलं की कडा वाकते आणि झाकण पुन्हा कधी घट्ट बसत नाही. स्क्रू ड्रायव्हर हे हत्यार या कामाचं नाहीच.

आत जे निघालं ते डीजी २८१३. चिनी बनावटीचं, जपानच्या मियोटा कंपनीच्या ८२०० मालिकेच्या धर्तीवर केलेलं, २१,६०० ठोक्यांचं. स्वस्त प्रतिकृतींत सर्वांत जास्त हेच सापडतं. खऱ्या एनएच ३५ वर मशीनचा नंबर आणि २४ ज्वेल (म्हणजे चाकांच्या टोकांखालचे खडे) ही अक्षरं कोरलेली असतात, आणि रोटर कोणत्याही बाजूला फिरला तरी चावी भरते. डीजीचा रोटर एकाच बाजूला चावी भरतो, दुसऱ्या बाजूला मोकळा गरगरतो. ती गरगर मनगटावरही जाणवते. काहींना ती आवडते, ही गोष्ट वेगळी. यात मशीन वाईट म्हणून राग नव्हता; स्वस्त मशीन स्वस्तात घ्यायला हरकत नाही. नाव एकाचं सांगून दुसरं दिलं, हा राग. विक्रेत्याला फोटो पाठवले, पैसे परत आले आणि खरं एनएच ३५ असलेलं तिसरं घड्याळ दुसरीकडून घेतलं. डीजी मात्र तुलनेसाठी ठेवून घेतलं, अर्ध्या किमतीत.

'स्विस मशीन'बद्दल इथेच सांगून टाकतो. महागड्या फर्स्ट कॉपीत स्विस म्हणून जे असतं ते बहुधा ईटीए या स्विस कंपनीच्या २८२४-२ ची चिनी नक्कल असते. मूळ २८२४-२ हे २५ ज्वेलचं, २८,८०० ठोक्यांचं, ४.६ मिलिमीटर जाडीचं, पूर्ण चावीवर सुमारे ३८ तास चालणारं. चांगल्या नकला मूळ मशीनच्या जवळ जातात, वाईट नकला तेलाच्या नावाने शंख करतात : एका खड्यावर तेल वाहत असतं आणि दुसरा कोरडा. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. सजावटीच्या पट्ट्या, निळे स्क्रू, रोटरवर कोरलेलं नाव यांचा चालण्याशी काही संबंध नाही.

आता मोजणी. ऑटोमॅटिकसाठी टाइमग्राफर, म्हणजे ठोके ऐकून घड्याळ किती पुढे-मागे चालतं ते मोजणारं यंत्र, लागतो. वाइशी १००० हा साधा, बऱ्याच घड्याळजींकडे दिसणारा. तो ठोके कानाने ऐकतो, म्हणून पंखा बंद, टेबल स्थिर. मोजण्याआधी चावी पूर्ण भरायची. एनएच ३५ ला हाताने ५५ फेरे द्यावे लागतात. त्याहून जास्त दिले तरी स्प्रिंग आत घसरते, तुटत नाही. मग दहा मिनिटं चालू द्यायचं. मशीनचा लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनचा ठरलेला एक कोन) यंत्रात घालायचा, एनएच ३५ साठी ५३ अंश, मियोटा ८२१५ च्या घराण्यासाठी ४९. हा आकडा चुकला तर दर, म्हणजे दिवसाला किती पुढे-मागे, तो बरोबर येतो पण झोक्याचा, म्हणजे आतलं बॅलन्सचं चक्र किती अंश फिरतं त्याचा, आकडा खोटा येतो, आणि झोका हीच मशीनच्या तब्येतीची नाडी आहे.

डीजी, डायल वर करून : दिवसाला १८ सेकंद पुढे, झोका २४५ अंश, ठोक्यातला फरक, म्हणजे 'टिक' आणि 'टॉक' यांच्यातला, १.४ मिलिसेकंद. चावी खाली करून उभं धरलं : २२ सेकंद मागे, झोका २१२. म्हणजे दोन स्थितींत ४० सेकंदांची तफावत. अशा घड्याळाचा दर सरासरीने शून्यावर आणता येतो, पण रात्री ते टेबलावर कसं ठेवलं यावर सकाळची वेळ ठरते. एनएच ३५, डायल वर : ९ सेकंद पुढे, झोका २६८, फरक ०.३. चावी खाली : ४ सेकंद मागे. कंपनीची स्वतःची हमी दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांची आहे, म्हणजे हा नग चांगला निघाला. पुढचा नग असाच निघेल याची खात्री नाही.

एनएच ३५ चा दर लावताना एक चूक वारंवार होते. बॅलन्सचं चक्र धरणाऱ्या पुलावर दोन दांड्या असतात. एक दराची, दुसरी हेअरस्प्रिंगचं, म्हणजे चक्राला झोका देणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगचं, टोक धरणारी. दर सुधारायला म्हणून दुसरीला धक्का लागला की ठोक्यातला फरक ०.३ वरून ३-४ वर जातो आणि घड्याळ लंगडायला लागतं. दराच्या दांडीलाही केसाएवढाच स्पर्श पुरतो. लाकडी टोकाने हलवावी, स्टीलच्या चिमट्याने नव्हे.

आणि घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं, तर दराच्या दांडीला हात लावण्याआधी होकायंत्र जवळ धरून बघा. सुई हलली म्हणजे घड्याळात चुंबकत्व शिरलं. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि चक्र वेगाने झोके घेतं. स्पीकर, मोबाइलचं चुंबकी कव्हर, बॅगेचा चुंबकी बक्कल, सगळे गुन्हेगार. निळ्या डबीसारखं चुंबक काढायचं यंत्र स्वस्तात मिळतं. घड्याळ त्यावर ठेवून बटण दाबायचं आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ हळूहळू हातभर लांब न्यायचं, मगच बटण सोडायचं. जवळ असताना सोडलं की चुंबकत्व जातं तर नाहीच, वर आणखी बसतं. क्वार्ट्झला हे दुखणं टिकून राहत नाही. चुंबकाजवळ त्याची छोटी मोटर अडखळते, लांब नेलं की पुन्हा चालू होते. मधली वेळ तेवढी मागे पडते.

क्वार्ट्झची तपासणी सोपी, पण तिलाही रीत आहे. आमच्या घड्याळात मियोटा २११५ निघालं, सांगितल्याप्रमाणेच. सेल एसआर ६२६ एसडब्ल्यू, ६.८ मिलिमीटर व्यासाचा, २.६ जाडीचा, १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड. साधारण २८ मिलिअँपिअर-तास क्षमता. तीन वर्षांचे तास होतात २६,२८०, म्हणजे हे सगळं यंत्र सरासरी एका मायक्रोअँपिअरहून थोड्या जास्त प्रवाहावर चालतं. इतक्या कमी प्रवाहात थोडीशी घाण, थोडासा ओलावा, बोटाचं मीठ लागलेला सेल, एवढंही पुरतं. म्हणून सेल प्लॅस्टिकच्या चिमट्याने धरायचा. स्टीलच्या चिमट्याने दोन्ही तोंडं धरली की तो शॉर्ट होतो आणि नवा सेल लवकर संपतो.

फळीवरच्या घड्याळांत सेल बऱ्याचदा एलआर ६२६ म्हणजे अल्कलाइन असतो. माप तेच, किंमत कमी. पण त्याचा विद्युतदाब पहिल्या दिवसापासून उतरत जातो, आणि तो गळतो. सिल्व्हर ऑक्साइड शेवटपर्यंत १.५५ च्या आसपास टिकतो आणि मग एकदम कोसळतो. फर्स्ट कॉपी क्वार्ट्झ 'खराब झालं' म्हणून येतं, तेव्हा कित्येकदा दोष मशीनचा नसतो. गळलेल्या अल्कलाइनचा पांढरा-हिरवा थर संपर्काच्या पत्तीवर असतो. तो लाकडी काडीने खरवडून, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, नवा सिल्व्हर ऑक्साइड घातला की घड्याळ चालायला लागतं. चाललं नाही तर मल्टिमीटरने कॉइलचा, म्हणजे मोटरच्या तारेच्या गुंडाळीचा, रोध बघायचा. हजार-दोन हजार ओहम दाखवला तर कॉइल ठीक, अनंत दाखवला तर तार तुटली. ती तार केसाहूनही बारीक असते. सेल उचकटताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक निसटून तीवर गेलं की मशीन संपलं.

आतलं स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतं, म्हणजे दोनचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की सेकंदाला एक ठोका उरतो. हे स्फटिक २५ अंश तापमानाला सर्वांत बरोबर चालतं. त्याहून गरम किंवा थंड झालं की मागे पडतं, आणि फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात. ३५ अंशांवर दिवसाला ०.३ सेकंद, महिन्याला नऊ. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ५५ अंशांत घड्याळ पडलं असेल तर दिवसाला अडीच सेकंदांहून जास्त. मनगटावर असताना शरीर त्याला सांभाळतं. आमचं २११५ तीस दिवसांत ६ सेकंद पुढे गेलं. एनएच ३५ तेवढ्याच दिवसांत पावणेतीन मिनिटं, आणि तेही रोज हातावर असताना.

इथपर्यंत निकाल सरळ वाटतो. पण गोव्यात घड्याळ दरावरून मरत नाही, पाण्याने मरतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात रोजचा स्कूटरचा प्रवास, रेनकोटच्या बाहीतून उतरणारं पाणी, दमट घाम, आणि समुद्राचं मीठ. मशीन कुठलंही असो, त्याचं आयुष्य मागच्या झाकणाखालच्या आणि चावीच्या नळीतल्या रबरावर ठरतं. दोन्ही जुळ्या घड्याळांवर '१०० मीटर' छापलेलं होतं. उघडून बघितलं तर झाकणाचं रबर कोरडं, आणि चावीचं रबर एका ठिकाणी चिमटलेलं. फर्स्ट कॉपीत तर '३०० मीटर' सर्रास छापलेलं असतं आणि चावीला रबरच नसतं.

रबर बदलताना जुन्याचं माप घ्यायचं नाही, ते ताणलेलं असतं. खाचेचा आतला व्यास आणि खोली कॅलिपरने मोजायची. नव्या रबरावर सिलिकॉन ग्रीस फक्त चमक येईल एवढं. जास्त लावलं की ते आत डायलवर चढतं आणि धूळ धरतं. झाकण फिरवताना रबर सुरकुतलं का ते भिंगातून बघायचं. सुरकुतलं तर पुन्हा उघडायचं, आणखी घट्ट आवळून उपयोग नाही.

मग कोरड्यात नाही, ओल्यात तपासणी. दाबाच्या भांड्यात घड्याळ पाण्याच्या वर टांगायचं, हवेचा दाब ३ बारपर्यंत वाढवून काही मिनिटं थांबायचं, म्हणजे गळती असेल तर दाबाची हवा आत शिरते. आता घड्याळ पाण्यात बुडवायचं आणि दाब हळूहळू सोडायचा. आतली हवा बाहेर पडताना बुडबुड्यांची सरळ रांग दिसते, जिथून निघते तिथे दोष. इथे एक पथ्य पाळलंच पाहिजे : रांग दिसली की दाब शून्यावर येण्याआधी घड्याळ पाण्यातून बाहेर. नाहीतर रिकाम्या झालेल्या पोटात पाणी ओढलं जातं आणि तपासणीनेच घड्याळ बुडतं. पहिल्या फेरीत डीजीच्या चावीकडून रांग आली. रबर बदलल्यावर बंद झाली.

सगळं रबर नवं घातलेलं घड्याळ जुलैत पुन्हा वाफ धरून आलं, तेव्हा खरा धडा मिळाला. गळती नव्हती. चूक झाकण लावण्याच्या वेळेची होती. बाहेर धो-धो पाऊस, खोली ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. तीच हवा केसमध्ये कोंडली, एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे २५ मायक्रोग्रॅम पाणी घेऊन. घालणारा मडगावच्या बँकेत २३ अंशांच्या एसीत जाऊन बसला की काच थंड होते आणि आतून धुकं. बाहेर उन्हात आला की गायब. लोक म्हणतात घड्याळ गळतं, घड्याळजी म्हणतो नाही गळत, दोघंही खरं बोलत असतात. तेव्हापासून पावसाळ्यात झाकण लावायचं ते एसीच्या खोलीतच, आणि त्याआधी उघडं घड्याळ डब्यात कोरड्या सिलिका जेलबरोबर दोन तास. तपासायला साधी युक्ती : घड्याळ अर्धा तास ४०-४५ अंशांच्या उबेत ठेवायचं आणि काचेवर खोलीच्या तापमानाच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा. मिनिटभराने थेंब पुसला की आत धुकं दिसतं का बघायचं.

पाणी खरोखरच शिरलं तर तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरण्याने काही होत नाही. तांदूळ बंद केसमधलं पाणी ओढू शकत नाही, त्याचा पिठासारखा कण मात्र चावीच्या नळीत जातो. चावी बाहेर ओढायची, झाकण लगेच काढायचं, मशीन बाहेर. समुद्राचं पाणी असेल तर तासांचा प्रश्न असतो, कारण मीठ सुकलं की गंज थांबवता येत नाही. आधी स्वच्छ पाण्याने मीठ धुऊन टाकावं लागतं आणि मग वाळवणं. यात दोन मशीनांचा फरक उघड होतो. क्वार्ट्झचं सर्किट आणि कॉइल वाचवण्याच्या भानगडीत न पडता मशीनच बदलतात, कारण नवं २११५ किंवा २०३५ हे ऑटोमॅटिकच्या एका सर्व्हिसिंगहून स्वस्त पडतं. ऑटोमॅटिकमध्ये गंज आधी चावीच्या दांडीला आणि तिच्याजवळच्या बारीक भागांना लागतो. पूर्ण सोडवून, धुऊन, पुन्हा तेल घालावं लागतं, आणि ते तेलही एक नसतं. बॅलन्सच्या टोकांना मोबियस ९०१०, पॅलेटच्या खड्यांना ९४१५, जड चाकांना डी ५, स्प्रिंगच्या डब्याच्या भिंतीला वेगळं ग्रीस. एकाच शिवणयंत्राच्या तेलाने सगळं भिजवणारे महाभाग आहेत. असं घड्याळ महिनाभर छान चालतं.

"मशीन बदलून टाकू" हे ऑटोमॅटिकमध्ये वाटतं तितकं सोपं नाही. डीजी काढून त्याच केसमध्ये एनएच ३५ बसवायचा प्रयत्न केला. जाडी ५.३२ मिलिमीटर, जुन्यापेक्षा थोडी कमी, म्हणून चावीच्या दांडीची उंची केसच्या भोकाशी जुळेना. डायलचे पाय वेगळ्या जागी. काट्यांची भोकंही वेगळी. २८२४ चा सेकंदकाटा ०.२५ मिलिमीटरच्या दांडीवर बसतो, एनएच ३५ चा ०.२०. मोठ्या भोकाचा काटा बसवला तर झटक्यात गळून पडतो. प्रयत्न सोडून दिला. त्यामुळे पुढे दुरुस्ती करायची असेल तर आधीच एनएच ३५, मियोटा ८२१५ किंवा ९०१५ अशा नंबराचं मशीन असलेलं घड्याळ घ्यावं. तेच मशीन पुन्हा मिळतं, डायल, काटे, दांडी सगळं न हलवता. फर्स्ट कॉपीची केस कुठल्या तरी एका चिनी मशीनच्या मापाने कापलेली असते आणि तो नग बंद झाला की केस शोभेची उरते. जुन्या सायको फाइव्हची गोष्टही याच जातीची. मशीन अस्सल ७००९ किंवा ७एस २६ असतं, पण डायल नव्याने रंगवलेली, काटे दुसरेच. मशीन चांगलं म्हणून घ्यायला हरकत नाही, 'जुनं अस्सल' म्हणून जास्तीचे पैसे देऊ नयेत.

मग कुणी काय घ्यावं? घड्याळ कधी हातावर, कधी कपाटात राहणार असेल तर क्वार्ट्झ. एनएच ३५ पूर्ण चावीवर ४१ तास चालतं : शनिवारी संध्याकाळी सहाला काढून ठेवलं की सोमवारी सकाळी अकराला थांबलेलं. दरवेळी वेळ लावा, तारीख लावा, आणि तारीख रात्री नऊ ते पहाटे चार या वेळेत झटपट बदलू नका, कारण तेव्हा तारखेचं चाक गुंतलेलं असतं आणि दात तुटतो. बोटीवर जाणाऱ्या तारवट्यांना, रोज पहाटे मासळीच्या लिलावाला उभं राहणाऱ्यांना, परीक्षेला बसणाऱ्यांना वेळ हवी असते, यंत्राशी मैत्री नको असते. त्यांना मियोटा क्वार्ट्झ आणि दरवर्षी नवं रबर. रोज तेच घड्याळ घालणारा, तीन ते पाच वर्षांनी सर्व्हिसिंगचा खर्च आधीच धरून चालणारा, त्याने एनएच ३५ घ्यावं, आणि काटा चावी ओढल्यावर थांबतो का ते दुकानातच बघावं. डीजी २८१३ विकत घ्यायचंच असेल तर बिघडल्यावर टाकून द्यायच्या तयारीने. मुलाला हातात उघडून बघायला द्यायचं असेल तर मात्र यासारखं मशीन नाही. आमच्याकडचं त्याच कामाला लागलं आहे.

कातड्याचा पट्टा दोन्हीवरून जूनमध्येच काढला, आठवड्यात बुरशी धरली होती. नायलॉनचा लावला.

चवथीच्या आधी दोन्ही घड्याळं पुन्हा उघडली. क्वार्ट्झचा सेल १.५५ वर, रबर ओलसर पण शाबूत. एनएच ३५ चा झोका २६१, दांडीवर गंज नाही, रोटरचा स्क्रू मात्र पाव फेरा सैल झालेला. स्कूटरच्या धक्क्यांनी तो सुटतो आणि रोटर झाकणाला घासून राखाडी चूर पाडतो, म्हणून भिंगातून आधी तेच बघायचं. स्क्रू आवळला, एसी लावून झाकणं बंद केली. दोन्ही झाकणांच्या आतल्या बाजूला बारीक मार्करने तारीख लिहिली, क्वार्ट्झच्या सेलचा नंबरही. पुढचं रबर मे महिन्यात, पहिल्या सरीच्या आधी.